लिफ्ट केलेली पिकअप पुन्हा पुन्हा का वाजते: टक-टक, फाटलेले बूट आणि खाल्लेले टायर

इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्सला दोन इंचांचं लिफ्ट किट (गाडीची उंची वाढवणारा सस्पेन्शनचा संच) बसवलं, पहिले दोन महिने गाडी छान चालली, आणि मग स्पीड ब्रेकर उतरताना पुढून एक कडक ‘टक’ ऐकू यायला लागला. लिंक रॉड बदलले. आवाज दबला आणि पुन्हा आला. बॉल जॉइंट झाले, अपर आर्मचे (चाकाला वरून धरणाऱ्या हाताचे) बुश झाले, तरी तेच. सर्व्हिसला गाडी वर घेतली तर आतल्या बाजूचा सीव्ही बूट (चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या सांध्यावरचं रबरी आवरण) फाटलेला, ग्रीस चाकाच्या आत उडालेलं आणि पुढचे दोन्ही टायर एका कडेने खाल्लेले. नाशिक भागात लिफ्ट केलेल्या पिकअपची ही नेहमीची तक्रार. पावसाळ्यात ती वाढते, कारण इगतपुरी-त्र्यंबकच्या चिखलात फाटक्या बुटातून कच आत गेली की जॉइंट फार दिवस टिकत नाही.

यात पार्टच खराब निघाला असं क्वचित असतं. किट घेताना ‘किती इंच?’ एवढंच विचारलं जातं, आणि तो तिसरा प्रश्न आहे. पहिला: गाडीवर कायमचं वजन किती आणि कुठे? दुसरा: लिफ्टनंतर चाकाला खाली लोंबायला किती जागा उरते? या दोन प्रश्नांची उत्तरं आकड्यात असतील तर इंच आपोआप ठरतात. नसतील तर कितीही महाग किट घ्या, आवाज परत येणार.

आधी आवाज कधी येतो ते पकडा

चाक खड्ड्यात पडताना किंवा ब्रेकरवरून उतरताना एकच कडक टक येत असेल, तर शॉकप पूर्ण उघडून स्वतःच्या टोकाला आपटतो आहे किंवा अपर आर्म कॉइलला टेकतो आहे. चाक वर दबताना ‘धप्प’ येत असेल तर बंप स्टॉपर (आर्म शेवटी ज्याला टेकतो तो रबरी ठोकळा) किंवा त्याच्या आधीच संपलेला शॉकप. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कट-कट-कट म्हणजे बाहेरचा सीव्ही जॉइंट. जागेवरून वेग घेताना, साधारण 20 ते 40च्या वेगात सीटखाली थरथर म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून अक्सलकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन. हे चार वेगवेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. गॅरेजमध्ये ‘पुढून आवाज येतो’ एवढंच सांगितलं तर मेकॅनिक सवयीप्रमाणे लिंक रॉडपासून सुरुवात करतो. त्याचा दोष नाही, लिफ्ट नसलेल्या गाडीत बहुतेकदा तेच निघतं.

अपर आर्म कॉइलला टेकतो का हे पाहायला मशीन लागत नाही. कॉइल पुसून कोरडी करा, आर्मच्या आतल्या कडेला जाडसर ग्रीसचा थर लावा आणि ज्या ब्रेकरवर आवाज येतो तिथून चार-पाच वेळा जा. कॉइलवर ग्रीसचा डाग उमटला तर आर्मच लागतो आहे. बऱ्याच गाड्यांत डागाचीही गरज पडत नाही: कॉइलचा रंग एका जागी नखाएवढा खरवडलेला असतो, खाली चकाकतं लोखंड दिसतं आणि आर्मवर त्याच उंचीला खाच असते. शॉकप वरच्या बाजूला किती दबतो ते पाहायचं असेल तर त्याच्या रॉडला, बॉडीला चिकटून, एक नायलॉनचा टाय घट्ट बांधा. फेरी मारून आल्यावर तो जिथे सरकलेला असेल तिथपर्यंत शॉकप दबला. टाय बंप रबरापर्यंत जाऊन चेपला असेल तर प्रवास पूर्ण संपतो आहे.

मोजमाप

गाडी सपाट जागी हवी. बंगल्यासमोरचा उतार चालत नाही, अलाइनमेंटचा रॅम्प उत्तम. चारही टायरमध्ये हवा ठरल्याप्रमाणे भरा, गाडी वीस-पंचवीस फूट पुढे-मागे करून हळू थांबवा. जॅकवरून नुकती उतरवलेली गाडी लगेच मोजू नका, टायर आडवे घसरलेले नसल्याने ती खोटी उंच दिसते. आता हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं सरळ उभं अंतर चारही चाकांना मिलिमीटरमध्ये घ्या. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवा त्यात मिसळते, हबपासून मोजलं तर फक्त सस्पेन्शन मोजलं जातं. किट बसवायच्या आधीचे हे चार आकडे नसतील तर नंतर किती लिफ्ट मिळाली हे कोणीच सांगू शकत नाही.

मग मागच्या चाकांना उट्या लावा, चेसिस जॅकने उचलून घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा आणि पुढची दोन्ही चाकं मोकळी लोंबू द्या. एकच चाक लोंबवलं तर अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा दांडा) त्याला धरून ठेवतो आणि आकडा चुकतो. पुन्हा हब ते फेंडर मोजा. उभ्या गाडीच्या आकड्यापेक्षा हा जितका जास्त, तितका खालचा प्रवास शिल्लक. कच्च्या रस्त्याच्या पिकअपला पुढे किमान 65 ते 70 मिमी शिल्लक असावा. 35-40 उरला असेल तर तो कडक टक तिथूनच येतो, आणि कुठलाही बुश बदलून तो जाणार नाही.

पुढचा स्पेसर: एकाच चकतीचे दोन वेगळे दोष

व्ही-क्रॉस आणि हायलक्स या दोन्हींना पुढे डबल विशबोन (वर एक, खाली एक असे दोन आर्म) आणि कॉइल आहे. स्ट्रट (कॉइल आणि शॉकपची जोडी) चाकाला थेट जोडलेला नसून लोअर आर्मवर, चाकाच्या बराच आत बसतो. त्यामुळे स्ट्रटवरचा 1 मिमी चाकाशी साधारण 1.7 ते 2 मिमी होतो. 30 मिमीचा स्पेसर (उंची वाढवायला मध्ये घालायची जाड चकती) चाकावर 50 ते 60 मिमी उचलतो. दुकानात ‘दोन इंचाचा स्पेसर’ म्हणतात तेव्हा स्पेसरची जाडी की चाकावरची उंची, हे विचारून घ्या. दोन इंच जाडीचा स्पेसर आणून बसवला तर गाडी साडेतीन ते चार इंच उचलली जाते आणि पहिल्याच खड्ड्यात जॉइंट निखळायची वेळ येते.

स्पेसर स्ट्रटच्या डोक्यावर बसवला तर शॉकपची लांबी तीच राहते, पण तो अख्खा 30 मिमी खाली टांगला जातो. चाक आता कंपनीने ठरवलेल्या हद्दीपेक्षा 50-60 मिमी जास्त लोंबतं. तिथे अपर बॉल जॉइंटची फिरायची मर्यादा संपते, आर्म कॉइलला टेकतो आणि सीव्ही जॉइंटचा कोन टोकाला जातो. उलट दिशेला, चाक वर दबताना, आर्म बंप स्टॉपरला लागायच्या आधीच शॉकप आतून तळाला ठोकतो. सहा महिन्यांत शॉकप तेल टाकतो आणि दोष शॉकपच्या कंपनीवर जातो. या पद्धतीत बंप स्टॉपरही त्याच हिशोबाने खाली घ्यावा लागतो, जे किटमध्ये बहुधा नसतंच.

स्पेसर कॉइल आणि तिच्या बशीच्या मध्ये बसवला तर कॉइल आधीच दाबली जाते. शॉकप पूर्ण उघडल्यावर चाक जिथे लोंबायचं तिथेच थांबतं, पण उभी गाडी वर गेली. म्हणजे जितकी लिफ्ट, तितका खालचा प्रवास कमी. आर्म आणि सीव्ही वाचतात, पण शॉकप सतत पूर्ण उघडून टोकाला आपटतो आणि गाडी खडखडीत लागते. टॉर्शन बारच्या (कॉइलऐवजी पिळल्या जाणाऱ्या दांड्याच्या) गाडीत बोल्ट आवळून उंची घेतली तरी हेच घडतं: बार कडक होत नाही, फक्त लोंबायची जागा जाते. तिथे 25 मिमीच्या पुढे जाऊ नये.

कामाचा उपाय म्हणजे वजनाला जुळणारी नवी कॉइल आणि तिला जुळणाऱ्या लांबीचा शॉकप, दोन्ही एकाच जोडीतले. पैसे कमी असतील तर लिफ्ट कमी करा, पण कॉइल एकाची आणि शॉकप दुसऱ्याचा अशी मोट बांधू नका. आणि एक गोष्ट ठाम सांगायची: बसवलेली कॉइल कंप्रेसर न लावता स्ट्रटचा वरचा नट खोलायचा नाही. दाबलेल्या कॉइलमध्ये माणसाचा जबडा फोडण्याइतकी ताकद असते.

कॉइल कोणती? आधी वजनकाट्यावर जा

सातपूर, अंबडच्या एमआयडीसीत किंवा मार्केट यार्डाजवळ वजनकाटा शोधायला लांब जावं लागत नाही. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून वजन घ्या, पावती जपून ठेवा. डिझेल भरलेलं असावं आणि जे सामान कायम गाडीत राहतं ते सगळं गाडीत असावं. काट्याची फळी आणि बाहेरचा रस्ता एका पातळीत हवा, नाहीतर अक्सलचं वजन चुकतं.

पुढे लावलेलं वजन पुढच्या अक्सलवर स्वतःपेक्षा जास्त पडतं, हे बहुतेकांच्या हिशोबात नसतं. व्ही-क्रॉसचा व्हीलबेस 3095 मिमी आहे. विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र) आणि तिची प्लेट मिळून 70 किलो, पुढच्या अक्सलच्या 800 मिमी पुढे, असं धरा. पुढच्या अक्सलवर भार पडतो 70 गुणिले 3895 भागिले 3095, म्हणजे सुमारे 88 किलो. मागच्या अक्सलवरून 18 किलो उचलले जातात. म्हणून विंच लावल्यावर पुढचं नाक बसतं आणि मागचा भाग वर आल्यासारखा दिसतो. आता कॉइलचा दर (ती 1 मिमी दाबायला लागणारं वजन) 12 किलो प्रति मिमी असेल आणि आर्मचं गुणोत्तर (चाक 1 मिमी हललं की कॉइल किती मिमी दबते) 0.55 असेल, तर चाकाशी दर होतो 12 गुणिले 0.55 गुणिले 0.55, म्हणजे सुमारे 3.6 किलो प्रति मिमी. एका चाकावर 44 किलो वाढले की गाडी 12 मिमी बसते. ‘40 मिमीची लिफ्ट घेतली, 28च मिळाली’ ही तक्रार इथून येते.

म्हणून कॉइल निवडताना दुकानदाराला अक्सलचं वजन सांगा. चांगल्या किटमध्ये कॉइलचे दोन-तीन दर्जे असतात: पुढे काहीच न लावलेली गाडी, साधारण 50 किलो जास्त आणि 100 किलोच्या आसपास जास्त. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात, फरक तारेच्या जाडीत आणि कॉइलवरच्या नंबरात असतो. रिकाम्या नाकाच्या गाडीत जड कॉइल बसवली तर ती दबतच नाही, चाक कायम खाली लोंबायच्या टोकाजवळ राहतं आणि आवाज तोच, टक. ‘पुढे कधीतरी विंच लावू’ म्हणून आज जड कॉइल घेणं हे या तक्रारीचं फार मोठं कारण आहे. आज जे वजन आहे त्याचीच कॉइल घ्या.

नवी कॉइल पहिल्या हजार किलोमीटरमध्ये 5 ते 10 मिमी बसते, ती खराबी नाही. एक बाजू 8-10 मिमी खाली राहिली तर त्या बाजूला 5 मिमीचा ट्रिम स्पेसर पुरतो.

अपर आर्म, सीव्ही आणि डिफरन्शियल ड्रॉप

चाकावर 40 मिमीपर्यंत लिफ्ट असेल तर बहुतेक गाड्यांत मूळचा अपर आर्म चालून जातो. 50च्या पुढे गेलात की वेगळा अपर आर्म ही चैन राहत नाही. त्याचं काम तीन प्रकारचं: बॉल जॉइंटला नव्या कोनात बसवणं, कॉइलपासून आर्मला अंतर देणं आणि लिफ्टमुळे कमी झालेला कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) परत मिळवणं. विकत घेताना बॉल जॉइंट वेगळा बदलता येतो का, बुशला ग्रीस निपल आहे का आणि रबरी टोपी सुटी मिळते का, एवढं बघा. धातूच्या उघड्या जॉइंटचे आर्म दिसायला दणकट असतात, पण निफाड-सिन्नरच्या काळ्या मातीत ते लवकर खडखडायला लागतात. रोजच्या गाडीला टोपीवाला सीलबंद बॉल जॉइंटच बरा.

सीव्हीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: ‘मी फोर बाय फोर वापरतच नाही, माझा बूट कसा फाटेल?’ टू व्हील ड्राइव्हमध्ये ताकद जात नसली तरी चाकाला जोडलेले पुढचे शाफ्ट फिरतच असतात. कोन वाढला की बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात आणि नाशिक-मुंबई रोजची फेरी असेल तर तासन्‌तास घासतात. गाडी उभी असताना हात घालून बघा: आतल्या बुटाच्या खालच्या घड्या एकमेकींना चिकटलेल्या आणि वरच्या ताणून सपाट झालेल्या असतील तर कोन जास्त आहे. घड्यांच्या टोकाला पांढुरकी रेघ दिसली की बूट लवकरच जाणार. त्याच वेळी फक्त बूट आणि ग्रीस बदलून भागतं. फाटल्यावर अख्ख्या शाफ्टचा खर्च येतो.

डिफरन्शियल ड्रॉप किटमध्ये पुढचं डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) साधारण 25 मिमी खाली घेणारे स्पेसर आणि लांब बोल्ट असतात. कोन कमी होतो. पण जी जागा मिळवायला लिफ्ट केली, त्यातली 25 मिमी इथे परत जाते, स्किड प्लेटलाही स्पेसर लागतात आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो. त्यामुळे 40 मिमीच्या गाडीत तो उगाच बसवू नका. 50च्या वर असेल आणि बूट वर्षाच्या आत जात असतील तर बसवा.

मागचे पाटे

मागच्या अक्सलवर सस्पेन्शनची लिफ्ट केल्याने डिफरन्शियलचा गोळा एक मिमीही वर जात नाही. तो फक्त टायर मोठा केल्याने वर जातो. 245/70 आर16चा व्यास सुमारे 749 मिमी, 265/70 आर16चा 777. फरक 28, म्हणजे अक्सल 14 मिमी वर. हर्षेवाडीच्या वाटेवरच्या बसाल्टच्या धोंड्यांत हे 14 मिमी कामाला येतात. मीटर 80 दाखवेल तेव्हा खरा वेग 83च्या आसपास असतो, एवढं ध्यानात ठेवायचं.

मागे उंची मिळवायचे मार्ग पाच. लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती पट्टी) सर्वात स्वस्त. ती जेवढी लांब, त्याच्या निम्मीच उंची मिळते आणि अक्सल थोडा फिरतो. 25 मिमीपर्यंतची लिफ्ट ठीक, पुढे गाडी मागून डोलायला लागते. अक्सल आणि पाट्यामध्ये लोखंडी ब्लॉक घातला तर जेवढा ब्लॉक तेवढी उंची, पण जोर लावला की अक्सल पाट्यांना पिळतो आणि चाक फडफडतं. एकावर एक दोन ब्लॉक कधीच नाही, आणि स्टिअरिंगच्या अक्सलखाली तर एकही नाही. जास्तीचा पाटा टाकून घेणं चालतं, फक्त तो लांब हवा. आखूड पाटा टाकला तर त्याच्या टोकाशी सगळा भार एकवटतो आणि वरचा मुख्य पाटा नेमका तिथेच तुटतो. जुने पाटे ठोकून कमान वाढवून आणली तर काही महिन्यांत ती पुन्हा बसते, कारण पोलादाला पुन्हा पाणी दिलेलं नसतं. पाचवा मार्ग अख्खा नवा संच. त्यातही वजनाचा दर्जा बघूनच.

नाशिकच्या पिकअपचा खरा पेच इथे आहे. तीच गाडी हंगामात टोमॅटो घेऊन पिंपळगावला जाते आणि रविवारी रिकामी सावळघाट चढते. एका क्रेटमधल्या टोमॅटोचं वजन 20 किलो धरलं तर 25 क्रेटचे 500 किलो आणि वर रिकाम्या क्रेटचं वजन. 500 किलोच्या कायम भाराचे पाटे घेतले तर रिकामी गाडी मागून उडते, ओल्या घाटात वळणावर मागचा भाग बाहेर जातो. हलके पाटे घेतले तर भरल्यावर बंप स्टॉपरवर बसते. आमचं मत स्पष्ट आहे: आठवड्यातले चार-पाच दिवस माल असेल तरच 300 किलो कायम भाराचा किंवा त्यावरचा संच. हंगामापुरताच माल असेल तर मूळ दर्जाच्या जवळचे पाटे ठेवा, खालचा जाड ओव्हरलोड पाटा तसाच राहू द्या आणि रबरी हेल्पर बसवा. एअर बॅग (पाट्यांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) सोयीच्या वाटतात, पण त्या चेसिसच्या एका बिंदूवर भार देतात आणि मागे लांब लोंबता माल असेल तर मोठ्या खड्ड्यात चेसिस वाकवू शकतात. फायबर कॅनोपी, दुसरी स्टेपनी, 20 लिटरचा डिझेल कॅन, पाण्याचे कॅन हेही कायमच्या वजनात धरा. 20 लिटर डिझेलच सुमारे 17 किलो असतं.

कंपनीची पिकअप रिकामी असताना मागून थोडी उंच असते. ती चूक नाही, भार आल्यावर सपाट व्हावी म्हणून तसं ठेवलेलं असतं. दिसायला छान म्हणून पुढचं मागच्या बरोबरीला आणलं तर 25 क्रेट चढल्यावर नाक आभाळाकडे जातं आणि पुढच्या चाकांची पकड कमी होते.

पाटे काढले की यू-बोल्ट नवे. जुने ताणलेले असतात, पुन्हा आवळले की धरल्यासारखे वाटतात आणि सैल होतात. सैल यू-बोल्टमुळे सेंटर बोल्ट तुटतो आणि अक्सल सरकतो.

बुश आवळायची वेळ

ही चूक फुकटात सुधारते आणि सर्वात जास्त होते. लोअर आर्मचे, अपर आर्मचे आणि पाट्यांच्या डोळ्यातले रबरी बुश लोखंडी नळीला चिकटवलेले असतात. ते फिरत नाहीत, पिळले जातात. गाडी रॅम्पवर, चाकं लोंबत असताना बोल्ट पूर्ण आवळले, तर खाली उतरवल्यावर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो. खड्डा आला की आणखी पिळतो. दोन-चार महिन्यांत रबर नळीपासून सुटतं, आणि मग ‘नवीन बुश पण टिकत नाही’ अशी तक्रार होते. बोल्ट फक्त हाताने बसवा, चाकं लावा, गाडी जमिनीवर उतरवून पुढे-मागे हलवा आणि मगच टॉर्क पान्याने सर्व्हिस मॅन्युअलच्या आकड्याला आवळा. मेकॅनिक खड्ड्यात उतरून हे करू शकत असेल असंच गॅरेज निवडा, किंवा चार खांबी रॅम्प असलेलं.

थरथर, ब्रेक आणि अलाइनमेंट

मागच्या लिफ्टनंतर वेग घेताना थरथर आली तर दोन तुकड्यांच्या प्रोपेलर शाफ्टमधलं सेंटर बेअरिंग 10-12 मिमी खाली घेऊन पाहा. ब्रॅकेट आणि चेसिसमध्ये जाड शिम टाकली की झालं. फरक पडला नाही तर पाट्याखाली 2 ते 4 अंशांची पाचर लावून पिनियनचा (डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या शाफ्टचा) कोन गिअरबॉक्सच्या शाफ्टला समांतर आणावा लागतो. त्याआधी क्रॉसमध्ये (शाफ्टच्या सांध्यात) खेळ आहे का ते हाताने पाहा.

मागची चाकं लोंबवून ब्रेकचा होज ताणला जातो का बघा, शेवटच्या टोकाला बोटभर सैल हवा. मागचे शॉकप लिफ्टइतके लांब घेतले नसतील तर लोंबती चाकं शॉकपच धरून ठेवतात आणि त्यांचे डोळे फाटतात. ज्या गाडीत मागच्या अक्सलला दांडीने जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह आहे, तिथे लिफ्टनंतर व्हॉल्व्हला गाडी रिकामी आहे असं वाटतं आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. दांडीचा ब्रॅकेट लिफ्टइतकाच सरकवा. भरलेल्या गाडीने कसारा घाट उतरायचा असेल तर हे काम पहिलं.

अलाइनमेंटला गेलात की कॅस्टर, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव), टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) तिन्हीची आधीची आणि नंतरची प्रिंट मागा. अनेक ठिकाणी फक्त टो जुळवून गाडी सोडतात. कॅस्टर कमी राहिला तर वळणानंतर स्टिअरिंग स्वतः सरळ येत नाही आणि हायवेवर गाडी भरकटते. तळहात टायरवर आडवा फिरवा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातासारखं लागलं तर टो चुकलेला आहे. एकच कड सपाट झिजली असेल तर कॅम्बर बघा. लोअर आर्मचे कॅम बोल्ट गंजून अडकलेले असतील तर ‘अलाइनमेंट येत नाही’ असं सांगतात. बोल्ट बदलले की बहुधा येतं.

कागद

मोटार वाहन कायदा, 1988च्या कलम 52नुसार आरसीवरच्या तपशिलाशी आणि कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत होईल असा बदल चालत नाही. त्यामुळे किट घेण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. लोखंडी बुल बारवर कारवाई करायला केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017मध्येच राज्यांना कळवलेलं आहे, तो लावून पुढचं वजन वाढवू नका. लिफ्टनंतर दिव्यांचा झोत वर जातो. लिफ्टच्या आधी 10 मीटरवरच्या भिंतीवर दिव्याच्या उंचीपेक्षा डिपरची रेघ किती खाली पडते ते मोजून ठेवा आणि नंतर तेवढीच खाली आणा.

आधीच लिफ्ट झालेली गाडी हातात असेल तर

या क्रमाने जा. सगळे बुशचे बोल्ट सैल करून गाडी जमिनीवर असताना पुन्हा आवळा. हब ते फेंडर आणि लोंबणारा प्रवास मोजा. 65 मिमीपेक्षा कमी निघाला तर स्पेसर काढा किंवा कमी जाडीचा लावा, आणि वजनकाट्याची पावती घेऊन योग्य कॉइल मागा. ग्रीसचा डाग उमटला तर अपर आर्म. मग अलाइनमेंट, त्याआधी नाही. 500 किलोमीटर झाले की यू-बोल्ट, अपर आर्मचे बोल्ट आणि स्ट्रटचे वरचे नट पुन्हा टॉर्कला तपासा. आतले बूट मे महिन्यात पाहून घ्या, पांढरी रेघ दिसली तर मृगाच्या आधी बदला.